वायच्या जागी एक

[दवाखान्यातली खोली. डोक्याला पट्टी बांधलेली ताई खाटेवर. शेजारी स्टुलावर तिचा धाकटा भाऊ, मांडीवर तिचाच लॅपटॉप.]

ताई : उत्तराचं बटण दाबू नकोस हं! आधी मी सोडवते.

भाऊ : नाही दाबत. पण डॉक्टर म्हणालेत, डोक्याला ताण नको.

ताई : त्यांनी उघडून शिवलं, आता ते चालतं का हे मी नको बघायला? वाच, मैत्रिणीने सोडवायला काय पाठवलंय.

भाऊ : एक्स वर्ग, अधिक तीन एक्स-वाय, अधिक दोन वाय वर्ग, अधिक एक्स, अधिक दोन वाय. हुश्श! याचं काय करायचं?

ताई : अवयव पाडायचे.

भाऊ : हळू बोल गं, नर्स धावत येईल.

ताई : हसवू नकोस, टाके ओढतात. हे बघ, दोन अक्षरं एकदम झेपत नाहीत. म्हणून वायच्या जागी एखादा आकडा ठेवायचा, नुसत्या एक्सचे अवयव पाडायचे, आणि मग वायला परत आत घ्यायचं. या लॅपटॉपवरच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमधला हा भाग मीच लिहिलाय.

भाऊ : ठाऊक आहे. दुकानात दाढीला साबण लावता लावता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो मी.

ताई : वाय एक धरू. एक्स वर्ग, अधिक चार एक्स, अधिक चार. म्हणजे एक्स अधिक दोन... आणि पुन्हा एक्स अधिक दोन.

भाऊ : मग झालं की!

ताई : नाही झालं. दोन्ही सारखेच निघाले. आता वाय कुणात किती घालू? इथे काहीतरी करायचं असतं. मीच लिहिलं होतं रे... आठवत नाही.

भाऊ : राहू दे, ताई.

ताई : गेलं वाटतं सगळं.

भाऊ : हात दे इकडे. केवढा गार पडलाय!

ताई : ...थांब. आकडाच फसवा निघाला. असा निघाला की सोडून द्यायचा, दुसरा घ्यायचा! शून्य घेते. उरलं एक्स वर्ग अधिक एक्स. अवयव एक्स, आणि एक्स अधिक एक. वेगळे आले! आता वाय... बोलू नकोस हं... पहिला, एक्स अधिक दोन वाय. दुसरा, एक्स अधिक वाय अधिक एक. दाब बटण.

भाऊ : दाबलं... ताई!

ताई : काय आलं? सांग ना!

भाऊ : तेच. अक्षरन् अक्षर तेच. अगं, रडतेस काय?

ताई : तू काय करतोयस मग?

भाऊ : ऑपरेशन चालू होतं ना, तेव्हा बाहेर बाकावर बसून मी एकच घोकत होतो. गणित गेलं तर जाऊ दे, मला ओळखलं म्हणजे पुरे.

ताई : शहाण्या, मला दोन्ही हवं होतं.

भाऊ : उद्या आणखी एक मागवू? तीन अक्षरांचं, चांगलं लांबलचक?

ताई : नको रे. असंच सोपं आण. मला आता घाई नाही.