वजन सांगितल्याशिवाय टायर नाही

नाही मास्तर, ते खाली ठेव, ते तुझ्या कामाचे नाहीत — दिसायला झकास आहेत, कबूल, पांढरी अक्षरं, दातेरी नक्षी, आमच्या गावची निम्मी पोरं हेच बसवतात आणि मग त्या गाडीतून पोस्टापर्यंत जाऊन येतात — पण तू आल्याआल्या काय म्हणालास, मागे कॅम्पर ओढायचाय, म्हणजे चाकांवरचं अख्खं घर. ओढायचं म्हटलं की तोंडावळा बघायचा नाही, बाजूला काय लिहिलंय ते वाचायचं. इकडे ये, वाक जरा. तुझ्या गाडीवर आत्ता जे आहेत ना, त्यांच्यावर सुरुवातीला 'पी' आहे, मी तू गाडी लावतानाच पाहिलं. म्हणजे माणसं वाहायचे टायर. मऊ, गुळगुळीत, रविवारी चर्चला जायला उत्तम. एकेक टायर फार तर सव्वीसशे पौंड पेलणार. आता हा बघ — 'एलटी', आणि पुढे एक 'ई'. माप तेच, तुझ्याच सतरा इंची रिमवर बसणारा, पण हा पेलतो जवळजवळ बत्तीसशे. दाब बाजूला, दाब जोरात. दबतो? नाही ना. पण पेलतो कधी — ऐंशी हवा भरलीस तर. हे कोणी ऐकत नाही. महागाचे ई घेतात, मग गाडी आदळते, बायको कुरकुरते, म्हणून हवा आणतात पन्नासवर, आणि आठवड्याने मला येऊन सांगतात, मार्लिस, तुझा टायर बिस्मार्क शहराच्या अलीकडे फुटला. माझा टायर फुटला म्हणे. हवा यांनी काढली आणि टायर माझा.

तर हा ई घे. चारच उरलेत, हे समोरचे, गेल्या महिन्यात आलेले. आता सांग, वजन किती? — तुझं नाही रे, कॅम्परचं. ठाऊक नाही? लांब आहे म्हणजे किती लांब, हात पसरून दाखवू नकोस, गणित शिकवतोस ना तू शाळेत, आकडा सांग. ती पाटी वाचलीस का भिंतीवरची? माझ्या बापाच्या हातची आहे. 'वजन सांगितल्याशिवाय टायर नाही.' लोकांना वाटतं गंमत आहे. गंमत नाही. बापाने एकदा न विचारता टायर दिले, घोड्यांचा ट्रेलर होता, पुढे काय झालं ते मी सांगत नाही, घोडे वाचले एवढं पुरे. तेव्हापासून ही पाटी. अडतीस वर्षं झाली मला इथे, गव्हर्नर आला तरी मी आधी वजन विचारीन.

ते वर? मांडणीच्या अगदी वरचे चार? ते विकायचे नाहीत. — हो, माप तेच, तेही ई-च, नजर बरी आहे तुझी — पण ते आमचे आहेत. आमच्या स्वतःच्या ट्रकचे. आमचाही कॅम्पर आहे ना, घरामागे उभा, झाडाखाली. आम्हीही जाणार आहोत. कुठे म्हणजे, समुद्रावर. ऑर्लिनने — माझा नवरा — त्याने समुद्र पाहिलेला नाही. हसू नकोस, नॉर्थ डकोटात असे पुष्कळ आहेत. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्याने, सकाळी बावीस मैल उत्तरेला, दुपारी बावीस मैल दक्षिणेला, वादळ असो बर्फ असो, एक पोर कधी उशिरा पोचलं नाही. निवृत्त झाला त्याच आठवड्यात कॅम्पर घेऊन आला आणि म्हणाला, मार्लिस, आता एकदा सरळ पश्चिमेला जायचं आणि रस्ता संपला की थांबायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नकाशा लावलाय, लाल पेन्सिलीने रेघ मारलीय, वाटेत कुठे थांबून ॲपल-पाय खायची तेसुद्धा लिहिलंय. मीच म्हटलं, चांगले टायर लावल्याशिवाय मी त्यात बसणार नाही, आणि हे चार बाजूला काढले. येत्या वसंतात जाऊ.

थांब, तारीख कशी वाचायची तेही दाखवते तुला, पुढे कुठेही घेतलेस तर उपयोगी पडेल. त्यातलाच एक काढते. तू बाजूला हो, मला जमतं, मी रोज उचलते. — हं. धूळ बघ काय बसलीय. हे शेवटचे चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन साल. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, चालवा नाहीतर ठेवा, सहा वर्षांच्या वरचा टायर मी शेतातल्या गाड्यालासुद्धा देत नाही. वाच, काय लिहिलंय? बावीस, सतरा. नीट वाच. सतरा कसं असेल, हे मी परवा-परवा... पुसून वाच. बाविसावा आठवडा, दोन हजार सतरा. मग आज आठ वर्षं झाली की याला. आठ वर्षं. बरं. म्हणजे हे गेलेच. एक मैल न चालता गेले.

नाही रे, काही नाही, धूळ गेली डोळ्यात. हसूच येतंय मला. दुसऱ्यांच्या टायरांच्या तारखा मी रस्त्यात वाकून वाचते आणि स्वतःचे डोक्यावर आठ वर्षं टांगलेले. पण सवड कधी मिळते सांग ना. वसंतात पेरणीची यंत्रं येतात, त्यांचा टायर फुटला की शेतकऱ्याला एक दिवस दम निघत नाही. मग तुझ्यासारखे कॅम्परवाले. ऑगस्टात कापणी. ऑक्टोबर लागला की बर्फाचे टायर, दारापर्यंत रांग. जानेवारीत कोण समुद्रावर जातं? ऑर्लिन दरवर्षी मार्चमध्ये विचारायचा. विचारायचा म्हणजे, भांडायचा नाही तो, त्याचा स्वभावच नाही, नुसता नकाशापुढे उभा राहून कॉफी प्यायचा. यंदा नाही विचारलं. मला बरंच वाटलं, म्हटलं, चला, यंदाची कटकट मिटली.

तर वजन. बरं, फोटो आहे का? फोटोवरून मी अंदाजे सांगते, एवढी वर्षं काय उगीच घासली नाहीत. दे इकडे तो फोन, चष्मा कुठे ठेवला — डोक्यावरच आहे. हं. बत्तीस फूट, दोन चाकजोड्या, चांगला ठेवलाय, झाडाखाली असूनही छपराला डाग नाही, कोणीतरी जीव लावून... हे मोठं कसं करतात? दोन बोटांनी? पडदे बघू दे. पिवळे चौकडीचे.

हे पडदे मी शिवलेत.

नाही, चूक नाही, एका खिडकीला कापड कमी पडलं म्हणून खाली निळी पट्टी जोडलीय, ती बघ. आणि दारापाशी हा पोचा दिसतोय ना, तो माझ्या ट्रॉलीने पडलाय. हा आमचा कॅम्पर आहे, मास्तर. तुला कोणी विकला? — उंच, टोपीवाला, बोलताना कान खाजवतो. हो. तोच. लेफ्से दिली खायला, बटाट्याची पोळी? त्याने स्वतः लाटली असेल, जाड लाटतो. आणि बायकोचं काय म्हणाला? विचारलं असशील ना तू, बायकोची हरकत नाही ना म्हणून. सांग, मी काही टायर फेकून मारणार नाही तुला. — 'तिला सांगितलंय, ती हं म्हणाली.'

हं म्हणाले असेन. मंगळवारी नाश्त्याला. मी फोनवर होते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ऑर्डर द्यायची होती, आणि तो म्हणाला, विकून टाकतो मग. मला वाटलं गवत कापायचं यंत्र. मी म्हटलं हं. त्याने दोनदा विचारलं, नक्की का, आणि मी हात केला असा — झालं, झालं म्हणून. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने एवढं मोठं काही विचारलं आणि मी त्याला हात केला.

बस तिथे स्टुलावर. मी उभी आहे, ठीक आहे. तुला सांगू का, तू परका आहेस म्हणून सांगते — वेळ नाही, वेळ नाही हे सगळं खरं आहे, पण ते सगळंच खरं नाही. मला भीती वाटते रे. इथे मी मार्लिस आहे. चाळीस मैलांतला माणूस टायर फुटला की आधी मला फोन करतो, मग बायकोला. तिकडे समुद्रावर मी कोण? एक जाडी म्हातारी, वाळूत खुर्ची टाकून बसलेली. आणि समजा मी महिनाभर गेले आणि गावाचं काही अडलंच नाही, तर? ते मला बघवणार नाही. हे मी ऑर्लिनलासुद्धा कधी बोलले नाही. तू शाळेत सांगू नकोस.

पैसे दिलेस का त्याला? नाही? घेतले नाहीत? — आधी टायर घे, मग ये, म्हणाला. आणि टायर कुठून घे म्हणाला? हायवेवर एवढं मोठं दुकान आहे, तू नवीन माणूस, इकडे गल्लीत कसा वळलास? — त्यानेच पाठवलं. मार्लिसकडेच जा, ती वजन विचारल्याशिवाय राहणार नाही. असं म्हणाला? अगदी असंच? आणि तू त्याला वजन विचारलंस तेव्हा काय म्हणाला? — 'ते तिलाच ठाऊक.'

अरे देवा. काय माणूस आहे.

चल बाहेर. ऊठ, चल, तुझ्या गाडीपाशी चल. दार उघड, चालकाचं. या खांबावर पट्टी आहे ती वाच. गाडीत आणि गाडीवर मिळून किती वजन चालेल? चौदाशे ऐंशी. आता आमचा कॅम्पर आठ हजार नऊशे पौंड आहे, पाण्याची टाकी भरून, मी स्वतः धान्याचे ट्रक तोलतात त्या काट्यावर नेऊन तोलला होता. त्यातले अकराशे तुझ्या हुकावर बसणार, म्हणजे ते तुझ्याच गाडीत धर. त्यात तू किती? एकशे नव्वद. बायको? बरं, एकशे चाळीस लिही, तिला सांगू नकोस. पोरं तीन — दोनशे. कर बेरीज. सोळाशे तीस, अजून कुत्रं बसलंच नाही आत. टायर पेलतील, ई आहेत ते, पण मजबूत टायर लावले म्हणून गाडी मजबूत होत नाही, कंबर तीच, ब्रेक तेच. मी जाड तळव्याचे बूट घातले तर पियानो उचलीन का? हीच चूक सगळे करतात. नाही, मी आपल्या फायद्याचं बोलत नाहीये, बरं, बोलतेय, पण पट्टी मी छापलेली नाही. आणि एकतीस वर्षं बस हाकलेल्या माणसाला तुझी गाडी अंगणात शिरताना बघून हे कळलं नसेल? त्याला पहिल्या नजरेतच कळलं असणार. म्हणून तर पैसे घेतले नाहीत. म्हणून तर लेफ्से दिली.

तोंड पाडू नकोस. चर्चच्या मागे आर्डिस राहते, तिचा छोटा कॅम्पर आहे, बत्तीसशे पौंडांचा, पाच माणसं झोपतात, तिला काढायचाच आहे. मार्लिसने पाठवलं म्हण. त्याला तुझे आत्ताचे टायर चालतील, फक्त हवा पट्टीवर लिहिलीय तेवढी ठेव आणि दर सकाळी बघ, थंड असताना. समोरचे चार? ते तुला नाही मिळणार. नाही, एकही नाही, स्टेपनीलासुद्धा नाही. ते आत्ता विकले गेले.

थांब, एक फोन करू दे. — ऑर्लिन? मी. हो, आलाय तो, इथेच आहे. पोरगा चांगला आहे. हो, विचारलं. आठ हजार नऊशे, आणि तुला ते माहीत होतं, काट्यावर माझ्याशेजारी तू उभा होतास. ऐक, ट्रक घेऊन ये. टायर बसवायचेत. नवीन, ते जुने गेले. आत्ता ये. आणि तो नकाशा काढ भिंतीवरून, नीट काढ, फाडू नकोस. मी पडदे आल्यावर धुते. कापणीचं? कापणीवाले हायवेवर जातील, त्यांना पाय आहेत. ऑर्लिन, तू रडतोयस का? नाक पूस आणि निघ. नाही, गिऱ्हाईक कुणी नाही, दुकान बंद आहे.

तू अजून इथेच, मास्तर? ऐकलंस ना. दुकान बंद आहे.