केकताडाची फळी

माझं म्हायेर परंड्याकडचं, दिलं हितं तामलवाडीच्या शिवारात, पण दोन्हीकडं धंदा एकच, केकताडाचा. केकताड म्हंजे घायपात, बांधाला काटेरी पानं असतेत बघा, ती कापायची, पाण्यात कुजवायची, बडवायची आन त्याचा धागा काढून दोर वळायचा. बैलाचं दावं, कासरा, समदं आमच्या हातचं. काय सांगू तुमाला, त्या पानाचा रस कातडं खातो. ल्हानपणी खाजवून खाजवून रगात निघायचं, तर आई म्हणायची रडू नगं, कातडं निबर झालं की खाजत न्हाय. खोटं बोलायची. आजबी खाजतंय.

मंग नायलॉन आलं आन आमच्या दोराला कुणी इचारीना. बैलंच ऱ्हायली न्हाईत तर दावं कुणाला पायजे. तवा इक्रमभैय्या आला, बड्या बागायतदाराचं पोरगं, भायेर शिकून आल्यालं. तिकडं समुद्रावर लोकं फळीवर हुबं ऱ्हाऊन लाटंसंगं पळत्यात म्हणं, सर्फबोर्ड म्हणत्यात त्याला, आमी फळीच म्हणतो. ती असती फोमची, थर्माकोलावाणी, त्यानं समुद्र नासतो. आन केकताडाचं कसं हाय, लई वरसं बांधाला नुसतं बसून ऱ्हातं, मंग एकदाच मदनं दांडा काढतं, लायटीच्या खांबाएवढा, आन मरतं. त्यो दांडा वाळला की ल्हान लेकराला उचलता यील इतका हलका. भैय्या म्हणला ह्याच्याच फळ्या करू, निस्त्या झाडाच्या, कुणाला इजा न्हाय. म्या माझं हात म्होरं केलं, म्हणलं ही बघा इजा. हसला. हातमोजे आणतो म्हणला. आणले, फोटोच्या दिवशी.

आमचा माणूस त्या फळ्यांनी पार येडा झाला. त्याचा सुतारकामाचा हात व्हता, दांडं चिरायचा, जोडायचा, रंधा मारायचा, आन मंग तळहात फिरवीत बसायचा फळीवरनं. माझ्या पाठीवर जल्मात त्याचा हात पडला त्यो मारायलाच. म्या बघायची आन जळायची, लाकडावर जळायची, आता काय सांगावं. त्याला एकच याड लागल्यालं, आपली फळी समुद्रावर बघायची. भैय्या म्हणल्याला, पयली फळी पास झाली की गाडीत घालून नेतो तुला. ह्यानं गावभर सांगितलं. लोकं म्हणायची, ह्याला हिरीत पवता येईना आन चालला समुद्राला.

फळी बघायची ठरली भैय्याच्या शेततळ्यात. शेततळं म्हंजे खड्डा, आतनं पलास्टिकचा कागद, उतरता, त्यावर शेवाळ. आत पडाय येतं, भायेर येता येत न्हाय. जनावरं गेलेत, माणसं गेलेत, म्हणून काठानं निळा नायलॉनचा दोर सोडल्याला असतो. त्या दिशी मुंबईची माणसं कॅमेरा घिऊन आली. भैय्या म्हणला त्यो नायलॉन काढा, फोटोत पलास्टिक दिसाय नगं, मावशीचा दोर सोडा. म्या वळल्याला, केकताडाचा. खाली समदं तळंच पलास्टिकचं, ते न्हाय दिसलं कुणाला.

त्यो फळीवर पालथा पडला, हातानं पाणी मारत गेला, आन फळी अशी झ्याक तरंगली, त्यो हसला. इतक्या वरसात त्याचं दात म्या तवा बघितलं. काठाला आला तर भैय्या वरनं म्हणला, लक्ष्मण, फळी घासू दिऊ नको. आन त्यो येडाच म्हणला, फळी आधी घ्या. त्यानं सोता माझा दोर फळीच्या टोकाला पाडल्याल्या भोकात ओवला, गाठ मारली, आमी फळी वर वढली. हा खाली कागदाला नखं लावून. गाठ सुटंना. केकताडाचा दोर भिजला की गाठ आवळती, बैलानं कितीबी वढू दे सुटत न्हाय, म्हणून तर लोकं घ्यायची. दुसरं टोक खुट्याला, तितंबी तीच गाठ. म्या म्हणलं, फळीच टाका परत, धरंल ती. भैय्यानं फळी छातीला धरली. म्हणला, थांबा मावशी, चरा पडंल, गाठ सोडा.

म्या दात लावलं गाठीला. मंग भैय्याच्या हातातनं फळी हिसकली आन टाकली. फळी तरंगली. धरायला कुणी न्हवतं.

पाय घसरून बुडाला, आसं लागलं पोलिसाच्या कागदावर. फळी परदेशात गेली. लेकीनं मोबाईलवर दावली, एक गोरी पोरगी तिच्यावर हुबी, केस उडत्यात, लाट हिरवीगार. खाली लिव्हलंय म्हणं, कुणाला इजा न्हाय. मला त्या पोरीचा राग आला. तिनं काय केलं माझं, पण आला, पडावी वाटलं. पडली न्हाय. त्यानं फळी बेस केल्याली.

काम म्या तितंच करती, दुसरीकडं कुठं जाऊ. वरीस झालं तवा भैय्या आला, म्हणला, चला मावशी, समुद्र दावतो, त्यांची इच्छा व्हती. म्या म्हणलं, पाणी बघितलंय म्या.

तुमी घ्या, च्या घ्या, गार झाला. लेकराबाळात सुखी ऱ्हावा. जाताना तळ्याकडनंच वाट हाय. निळा दोर दिसंल बघा काठानं, नायलॉनचा, म्या बांधलाय. फोटोवाले आले की भैय्या गाठ सोडाय सांगतो. म्या सोडत न्हाय.