समजलं का वो?

ऐक मंदा. भनपुरीत होते एक वामनराव छापखानेवाले, अन् त्यांची बिनशिकलेली बायको, म्हणजे मी. तिथं हिंदी चाले, म्हणून पेपर आमचा हिंदी. छापायच्या आधी हे मले बातमी वाचून दाखवत अन् मराठीत विचारत, "समजलं का वो?" मले नाही समजलं, तर पुन्हा लिहीत.

हे गेले. पेपर खपेना. छापायची मशीन विकायला निघाली, तवा पोट्टा म्हणे, "आई, आता फोनच लोकायले बातम्या वाचून दाखवीन."

पहिल्या सकाळी मी चहा पीत ऐकून राहिली होती. कम्प्युटरातल्या बाईचा हिंदी आवाज. नाल्याची बातमी संपली, बाई थांबली, अन् ह्यांच्या आवाजात आलं, "समजलं का वो?"

"काहून रे, हे तू टाकलं?"

पोट्टा पांढराफटक. "नाही आई. बाबांचा आवाज माह्याजवळ नाहीच."

त्यानं ते पुसलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग पंडरी मोहल्ल्यातून एका ऐकणाऱ्या दीदीचा फोन आला. आम्हाले वाटलं, आता शिव्या.

"भैया, वो बाबा जो आखिर में पूछते हैं, उनको मत हटाना. हमारे पूरे पारा में, मोहल्ले भर में, सब जवाब में 'हव, समझ गए' बोलते हैं."

ऐकणारे वाढले, मागोमाग जाहिराती आल्या. पैसा आला, म्हणून मशीन विकली नाही. आजही तिच्यावरच ताटं मांडून आमचं सारं घर पोटभर जेवते.