‘जाय’ म्हणजे ‘पुन्हा’

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू होय! बोल… नाही गं, रडत नाहीये, सर्दी आहे… बरं बाई, रडत होते. झालं समाधान?

काय?… मिक्सरचं भांडं?… अगं इथे काय चाललंय आणि तुला मिक्सरचं भांडं सुचतंय! हो, माझ्याकडेच आहे, उद्या पाठवते. विहीणबाई चालल्या गं.

अगं, तसं नाही! शुभ बोल! चांगल्या धडधाकट आहेत. चालल्या म्हणजे परत चालल्या, त्यांच्या देशाला, चीनला… हो, सूनबाईची आई. दुसरी कुठली विहीण आहे मला?… उद्याचंच विमान बघ म्हणाल्या जावयाला… कुठले सहा महिने आता! बाळ जरा मोठं होईपर्यंत राहणार होत्या, ते गेलं सगळं पाण्यात. सोमवारपासून सूनबाई कामावर जाणार, बाळाला कोण बघणार? मी शिलाई मशीनवर बसू की पाळणा हलवू?

का म्हणून काय विचारतेस? तुझ्यामुळे!… हो, तुझ्याचमुळे. ते पुस्तक कुणी दिलं मला?… तेच, इंग्रजीतून चिनी. ‘तुला इंग्रजी येतंच, चुटकीसरशी शिकशील’ कोण म्हणालं होतं?… आणि वर काय म्हणालीस? ‘नुसती नामं पाठ करून काय उपयोग, क्रियाविशेषणं शीक, त्यानं बोलण्याला गोडी येते.’ आली हो गोडी! चांगली भरभरून आली!

ऐक ना… अगं ऐक तर. मधे बोलू नकोस.

परवा त्या केस कापून आल्या. गोड दिसत होत्या अगदी. पुस्तकात ‘अ लिटल’ला ‘यौद्यार’ दिलंय. मी म्हटलं, यौद्यार सुंदर. थोड्या छान दिसताय… हो ना, मलाही तेच वाटलं, बेताबेतानं कौतुक करावं. तर आज चिरंजीव सांगतात, हा शब्द कुरकुर करायलाच वापरतात. थोडं खारट, थोडं घट्ट, थोडं महाग… तेच तर म्हणतेय मी! पुस्तकात तेवढं लिहायला काय झालं होतं?

तरी त्या हसल्या गं. सोडून दिलं त्यांनी.

मग काल. रोज चारला मुलाच्या घरून येतात, बाळाची गाडी ढकलत. काल बाळ झोपेना, म्हणून उशीर झाला. मी आत इस्त्री करत होते, मला कुठलं घड्याळाचं भान! बाहेर येऊन बघते तर ह्या येऊन बसलेल्या. मी आपलं सहज विचारलं, आत्ताच आलात का? ‘ओन्ली जस्ट’ला पुस्तकात ‘त्साय’ आहे. ‘नी त्साय लाय?’… नी म्हणजे तुम्ही, लाय म्हणजे येणं… हो, लाय. भावोजींना म्हणावं, ह्यात खिदळण्यासारखं काही नाही.

तर त्याचा अर्थ ‘आत्ताच आलात’ होतच नाही. ‘आत्ता कुठे आलात’ असा होतो!… बघ, तुला लगेच कळलं! ‘च’च्या जागी ‘कुठे’ पडलं माझ्या तोंडून. ‘च’साठी त्यांच्यात वेगळा शब्द आहे, ‘च्यो’. इंग्रजीत दोन्हींना जस्ट! त्या इंग्रजीला ना ‘च’ कळतो ना ‘कुठे’.

नाही, काल पण चिडल्या नाहीत. बटणं लावत बसल्या, पण मान खाली घालून… अगं नर्सबाईंच्या कोटांची. दवाखान्याची मोठी ऑर्डर आहे ना सध्या. मी शिवते, त्या काजं करतात, बटणं लावतात… मी नाही गं सांगितलं! पहिल्याच दिवशी आपणहून सुई उचलली त्यांनी. असं बारीक काज घालतात, बघत राहशील.

आजचं सांगतेय ना! धीर धर की जरा.

आज सकाळी सामान घ्यायला निघाल्या होत्या, जाता जाता डोकावल्या. निघताना मी दारापर्यंत गेले. मनात म्हटलं, ‘परत या’ म्हणावं, कालचं काही डोक्यात असेल तर जाईल. ‘अगेन’ काढलं. दोन शब्द! एक ‘यौ’ आणि एक ‘जाय’… जाय. जाडमधला ज… हो, ‘जाय लाय’ बरोबर होतं, आता तू नको शिकवूस मला! पण तूच सांग, दारात उभ्या असलेल्या बाईला, तेही विहिणीला, ‘जाय’ कसं म्हणायचं? जीभच वळेना माझी. म्हटलं, दुसरा आहे ना चांगला, तो वापरू.

शब्द जुळवेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या. मी तशीच दारात. आणि बाळाचं टोपडं राहिलं म्हणून त्या परत वर आल्या. मी त्यांना बघून अशी खूश झाले, हात हलवून हलवून म्हटलं, ‘यौ लाय! यौ लाय!’

काय अर्थ होतो? ‘आली का परत!’ असा होतो अर्थ, ताई. ‘आली बाई पुन्हा!’… हसू नकोस… हसू नकोस म्हणते ना!… काल म्हणे उशिरा का उगवलात, आज म्हणे परत कशाला कडमडलात. त्या बाईनं करावं तरी काय?

टोपडं उचललं आणि गेल्या. वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग चिरंजीवांचा फोन. ‘आई, तू त्यांना काय बोललीस?’ सूनबाई मागे रडतेय. तिला सांगितलं म्हणे त्यांनी, तुझ्या सासूला मी नकोशी झालेय, मी जाते… मी नकोशी म्हणाले? मी?

माफी मागायचं बघतेच आहे गं सकाळपासून. ‘खूप चुकलं’ म्हणायचंय. ‘व्हेरी’ला ‘हन’. पण मुलगा म्हणतो, हन म्हणजे काही खरं ‘खूप’ नाही. तो नुसता घालायचा असतो. नाही घातला तर वाक्य अडतं, घातला तर अर्थ शून्य… हो, अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. हे बघ, पेपरामागे हसतायत. सकाळपासून तेवढंच काम.

काय सांगू तुला… माणसाची सवय होते गं. दिवसभर मशीनच्या खडखडाटात मी एकटी. चार वाजले की त्या यायच्या, खिडकीपाशी बसायच्या. एक शब्द कळायचा नाही एकमेकींचा आणि काही अडायचं नाही. मी कात्रीकडे बघितलं की त्या कात्री द्यायच्या. मला कुणी सांगितलं होतं क्रियाविशेषणांच्या नादी लागायला? चांगलं चाललं होतं मुक्यानं.

थांब… थांब जरा. बेल वाजली… नाही, दूधवाला नाही, तो संध्याकाळी कुठला! दाराच्या भोकातून बघते… अगंबाई. त्याच आहेत… हो, त्याच! बाळाची गाडी नाहीये. कोट घातलाय. हातात मोठी बॅग आहे, ताई.

निरोप घ्यायला आल्यात. आता काय म्हणू मी?… नको, ‘जाय’ नको, बॅग हातात असताना ‘जाय’ म्हणू? वेड लागलंय का तुला?… उघडते. तू बोलू नकोस काही.

…

ताई… ताई, त्या ‘येते’ म्हणाल्या… अगं आपलं ‘येते’! मराठीतलं!… कुठून म्हणजे? माझ्याकडूनच शिकल्या असणार. बाळाला बघायला जाते ना मी तिकडे, निघताना रोज म्हणते, ‘येते हं’…

म्हणजे जातेच आहेत! मी जाताना म्हणते ना ते… पण येताना पण ‘येते’च ना गं! आत येऊ का, असंही असेल… मला काय माहीत! जाणारी ‘येते’ का येणारी ‘येते’, कसं ओळखायचं?… विचारू कसं? कुठल्या शब्दात विचारू? सकाळपासून ज्या शब्दाला हात लावला तो भाजलाय.

नुसत्या उभ्या आहेत उंबऱ्यात. माझ्याकडे बघतायत.

थांब. खाली वाकल्या… बूट काढतायत, ताई. बूट काढतायत!… बॅग उघडली. कोट आहेत गं आत. नर्सबाईंचे. काल घरी नेलेले, सगळे बटणं लावून आणलेत… हो, सगळे.

खिडकीपाशी बसल्या. सुईचं भोक दिसत नाहीये त्यांना, माझ्यापुढे धरलीये.

नाही, काही बोलणार नाहीये मी. दोरा ओवून देते. ठेवते गं.