छताला डाग नाही

दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

"स्वयंपाकघराला फॉल्स सीलिंग केलंस म्हणे?"

"हो ना! आठ दिवे बसवलेत. येणारा-जाणारा बघतच राहतो."

"आणि धूर ओढणारा पंखा?"

"तो मेला काळाकुट्ट! सीलिंगच्या वर झाकून टाकला. मिस्त्री नको नको म्हणत होता, पण घर त्याचं की माझं?"

"अगं, मग तळणीचा धूर जातो कुठे?"

"मला काय माहीत? स्वयंपाक सासूबाई करतात."

"छत काळं पडत असेल."

"छे! रोज स्टुलावर चढवून त्यांच्याकडूनच पुसून घेते."

"आज इथे कशी?"

"आत त्यांचाच एक्स-रे चाललाय. महिनाभर खोकतायत. डॉक्टर विचारत होते, घरात धूर होतो का. म्हटलं, हवं तर आमचं छत येऊन बघा!"