वेणीची रांग

रक्त तपासायला आलेल्यांच्या रांगेत माझ्या मागे दोन साठीच्या मैत्रिणी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर शाळेच्या मेळाव्याची यादी होती.

"यात स्वयंपाकीणबाईंची मुलगी कुठाय गं?"

"तिचा पत्ताच लागत नाही. तुला कशाला हवी ती? तिच्यामुळे अख्ख्या वसतिगृहात उवा झाल्या होत्या."

"उवा माझ्या होत्या."

"काहीतरीच! डॉक्टरांची लेक तू."

"मग? दारावरची पाटी वाचून उवा परत जातात होय? आपण रविवारी एकीमागे एक बसून वेण्या घालायचो, आठवतं? तिला कायम शेवटी बसवायचो."

"हो, म्हणजे तिच्या केसांना कुणाला हात लावायला नको."

"तिच्या पुढे मी असायचे. तिला सगळं दिसत होतं."

"मग रेक्टरबाईंनी विचारलं तेव्हा ती का उभी राहिली? डोकं भादरलं की गं तिचं!"

"त्याच वर्षी माझी आई गेली होती. आई माझे केस कसे विंचरायची, ते मी एकदा तिला सांगितलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. आता ती मेळाव्यात लांबून दिसली तरी पुरे, असं वाटतं बघ."

"मग तिचं डोकं भादरल्यावरच्या रविवारी कोण बसलं तुझ्या मागे?"

"तीच. स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत, आणि माझा गुंता इतक्या हलक्या हातानं सोडवत होती."

"काय बोललीस तिच्याशी?"

"म्हटलं, जरा घट्ट घाल."