टेकडीवरचं घर

नेवाडातल्या त्या ओसाड सोनखाणीच्या गावात पर्यटकांची तिकिटं फाडता फाडता इर्माचे कान शेजारच्या व्हीलचेअरमधल्या म्हातारीकडे लागले होते. तिचा मुलगा टेकडीकडे जाऊन दहा मिनिटांतच परतला होता.

“एवढ्यात आलास, ड्वाइट?”

“भरभर गेलो, आई.”

“आमचं घर दिसलं?”

“जसंच्या तसं आहे. दारसुद्धा शाबूत. चल आता, ऊन चढलंय.”

“मला नेलं असतंस तर?”

“खडीत चाकं रुततात गं. किती वेळा सांगू?”

“घर माझ्या बापानं फळीन्‌फळी सुटी करून पुढच्या खाणीवर नेलं. खिळे मीच वेचले होते.”

“मग मला वर कशाला पाठवलंस?”

“चुलीचे दगड उरलेत. त्यांच्यामागे तुझ्या मामाला पुरलंय, सहा महिन्यांचा होता. ही फुलं घे. आता खरंच जा.”